कॅनन इक्सस १८५ : वावरात, मांडवात आणि ताडोब्यात

हा कॅमेरा कोणी घेऊ नये, ते आधी. खिशात बरा मोबाईल असेल आणि घरच्या माणसांचे, पंगतीचे, लगेच व्हॉट्सॲपवर टाकायचे फोटो काढायचे असतील, तर इक्सस १८५ च्या वाटेला जाऊ नका. सांजवेळ झाली की मोबाईल चार-सहा फोटो एकात मिसळून चित्र उजळ करून देतो. या कॅमेऱ्याला ते जमत नाही, हा एकच फोटो काढतो आणि तो जसा आला तसा आला. पण लांबचं जवळ ओढायचं असेल, रात्रीच्या मांडवात समोरच्या माणसावर खरा फ्लॅश मारायचा असेल, किंवा पोट्ट्यांच्या हाती इंटरनेट नसलेलं यंत्र द्यायचं असेल, तर अजूनही याला तोड नाही. अट एकच, झूम कधी करायचं आणि कधी नाही, हे कळलं पाहिजे. या कॅमेऱ्याबद्दलच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

मॉडेल २०१७ सालचं. सेन्सर १/२.३ इंची सीसीडी (जुन्या पद्धतीचा सेन्सर), २० मेगापिक्सेल. झूम ८ पट आणि तो भिंगाचा खरा झूम, ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात २८ ते २२४ मिमी. वजन बॅटरी आणि कार्ड धरून १२६ ग्रॅम, म्हणजे अदपाव शेव. सदऱ्याच्या खिशात टाकलं तर खिसा लोंबत नाही. स्क्रीन २.७ इंची आहे आणि दुपारच्या उन्हात तिच्यावर काहीएक दिसत नाही. डोक्यावरचा दुपट्टा पुढे ओढून सावली केली तरच चौकट लागते. वाय-फाय नाही, टचस्क्रीन नाही, जीपीएस नाही.

जीपीएस नाही हे नीट लक्षात घ्या, कारण गावात कॅमेरा घेणाऱ्यांचा पहिला गैरसमज इथेच होतो. ई-पीक पाहणीचा फोटो मोबाईलमधल्या ॲपनेच, वावरात उभं राहून, अक्षांश-रेखांशासह घ्यावा लागतो. तिथे या कॅमेऱ्याचा उपयोग शून्य. रानडुकरांनी लोळवलेला धान किंवा गारपिटीनं झोडपलेली पराटी (कपाशी) स्वतःच्या नोंदीसाठी टिपून ठेवायला तो चालतो, पण कागदोपत्री कामाचा फोटो मोबाईलनेच काढा.

आता झूम. इक्सस १८५ च्या भिंगात हात हलल्याचा परिणाम सावरणारी यंत्रणा नाही. मेनूत ‘डिजिटल आयएस’ लिहिलेलं दिसतं, पण भिंग स्वतः हलून थरथर सावरतं तशातली ही गोष्ट नाही. त्यात पूर्ण झूमवर भिंगाचं तोंड एफ ६.९ इतकं बारीक होतं. जुना ठोकताळा असा की २२४ मिमीला हातात धरून फोटो काढायचा तर शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी हवं. भर उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती तेज, त्याचा आकडा) १०० वर हा कॅमेरा पूर्ण झूमला साधारण १/५०० देतो, म्हणजे चिंता नाही. आभाळ भरून आलं की उजेड सहज आठपट उतरतो आणि शटर १/६० च्या आसपास येतं. तिथे फोटो हलणारच, हात कितीही घट्ट धरला तरी. या कॅमेऱ्यात शटर आपल्या हाती नाही, आयएसओ मात्र आहे. म्हणून ‘पी’ मोडमध्ये, म्हणजे असे आकडे आपण ठरवू शकतो त्या मोडमध्ये, जाऊन आयएसओ ४०० करायचा, शटर परत १/२५० वर येतं. ४०० ला थोडी रवाळ छटा येते, पण रवाळ फोटो हललेल्यापेक्षा कधीही बरा. ८०० अगदी नाइलाज झाला तर. १६०० वर चेहरा चिखलात माखल्यासारखा दिसतो, तो आकडा आहे हे विसरून जा.

बटण अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस लावतो. त्याच वेळी स्क्रीनवर हात हलण्याचं चिन्ह लुकलुकायला लागलं तर झूम कमी करा किंवा टेकण शोधा. गाडीच्या दांडीवर किंवा धुऱ्यावरच्या दगडावर कॅमेरा नुसता ठेवला तर तो डुगडुगतो. जाड कापडाची वीतभर पिशवी शिवून तिच्यात अर्धा किलो धान भरा आणि तोंड शिवून टाका. कॅमेरा त्यात रुतून बसतो. वर २ सेकंदांचा सेल्फ टायमर लावला की बटण दाबतानाचा झटकाही जातो. खाली तिपाईचा आटा आहे, पण सव्वाशे ग्रॅमच्या वस्तूसाठी तिपाई घेऊन कोण हिंडतं?

आणि डिजिटल झूम मेनूतून बंदच करा. ८ पटीच्या पुढचा झूम म्हणजे आधीच काढलेला तुकडा मोठा करणं आहे. ते काम नंतर मोबाईलवर दोन बोटांनीही होतं.

ताडोब्यात हा झूम खरा वसूल होतो. तिथे सफारीच्या गाडीत मोबाईल नेऊ देत नाहीत, त्यामुळे ज्याच्याकडे नुसता मोबाईल आहे तो हात हलवत परत येतो. हिशेब करून पाहा. वाघ ३० मीटरवर आडवा चालला आहे. पूर्ण झूमवर तेवढ्या अंतरावर कॅमेऱ्याच्या चौकटीत साधारण साडेचार मीटर रुंदीचा पट्टा मावतो. शेपूट सोडली तर वाघाचं अंग पावणेदोन-दोन मीटर, म्हणजे चौकटीचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच वाघ भरतो. झूम नसलेल्या मोबाईलच्या साध्या भिंगात त्याच अंतराला चाळीस मीटर रान येतं आणि वाघ विसाव्या हिश्शाचा ठिपका होतो. मात्र सकाळी फाटकातून आत शिरल्यावर पहिला तास-दीड तास बांबूखाली उजेड इतका कमी असतो की पूर्ण झूमवर नेम धरू नये. निम्म्यावर थांबा, आयएसओ ४००, कोपर दांडीवर. आणि फ्लॅश आधीच बंद करून ठेवा, आपोआप उडाला तर गाईड बोलणार आणि बरोबरच बोलणार. ज्यांचं मुख्य काम जंगलातच आहे त्यांनी थोडं थांबून इक्सस १९० शोधावा. त्यात झूम १० पट आहे, भिंगात थरथर सावरणारी यंत्रणा आहे, शिवाय वाय-फायही आहे. सोनीच्या डब्ल्यू ८०० मध्येही ती यंत्रणा आहे, पण झूम फक्त ५ पट.

वावरातले फोटो निराळ्या कारणानं बिघडतात. कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही, समोर जे दिसेल ते तो सरासरी राखाडी करायला बघतो. काळ्या मातीत पराटी उभी आहे, चौकटीत तीन हिस्से माती आणि मध्ये फुटलेली चार बोंडं. कॅमेरा मातीला उजळवतो आणि कापूस चुना फासल्यासारखा सपाट पांढरा होतो, त्यातला एक धागा दिसत नाही. इथे ‘पी’ मोडमध्ये एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) उणे २/३ करायचं. उलट वेचलेल्या कापसाचा ढीग चौकटभर असेल तर तोच कॅमेरा कापसाला मळका करतो, तिथे अधिक २/३. पांढरा सदरा घातलेला सावळा माणूस भिंतीच्या चुन्यासमोर उभा असेल तेव्हाही अधिकच. चेहरा ओळखू आला पाहिजे, सदऱ्याची घडी नाही दिसली तरी चालते. एवढी एक गोष्ट हातात बसली की याच कॅमेऱ्याचे फोटो वेगळे दिसायला लागतात. सीसीडीचे रंग दिवसा खरंच गोड येतात, धानाच्या बांधीचा हिरवा मोबाईलसारखा भडक होत नाही.

किडीचे फोटो हे या कॅमेऱ्याचं लपलेलं बळ. फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो लावला आणि झूम अजिबात न करता राहिलं तर भिंगापासून १ सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस लागतो. पण १ सेंटिमीटरवर भिंगाचीच सावली बोंडावर पडते. चार-पाच सेंटिमीटर मागे या, बोंड उन्हाकडे वळवा. गुलाबी बोंडअळी दाखवायची तर बोंड चिरून, अळी आणि सरकीवरचं छिद्र दोन्ही एका सपाटीत येतील असं तळहातावर धरा, कारण इतक्या जवळ फोकसची जाडी काही मिलिमीटरचीच असते. फोकसची चौकट मेनूतून ‘सेंटर’वर ठेवा, नाहीतर कॅमेरा मागच्या पानावर जाऊन बसतो. बाजूला अर्धं बोट किंवा आगपेटीची काडी ठेवली तर फोटो पाहणाऱ्या कृषी सहायकाला आकार विचारावा लागत नाही. मॅक्रोत झूम केलं की जवळचं फोकस सुटतं. ते कॅमेऱ्याचं दुखणं नव्हे, भिंगाची रचनाच तशी आहे.

आता मांडव. मोबाईलचा फ्लॅश म्हणजे छोटी बॅटरी आहे, याचा फ्लॅश म्हणजे खरा लखलखाट. नाचणारी वरात तो थिजवून देतो. पण त्याची पोच झूम न करता ३ मीटर आणि पूर्ण झूमवर त्याच्या निम्मी. म्हणून लग्नात झूमला हात लावायचा नाही, चार पावलं पुढे जायचं. झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाला मागच्या रांगेतून फ्लॅश मारणारे दरवर्षी दिसतात. फोटोत येतात ती पुढच्या तीन रांगांतली डोकी आणि मागे काळोख. तिथे फ्लॅश बंद, आयएसओ ८००, झूम कमी आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकण. संवाद संपून पात्र क्षणभर थांबतं तेव्हा दाबायचं.

फ्लॅशची आणखी एक गंमत. मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) मैदानात किंवा मळणीच्या खळ्यावर रात्री फोटो काढला की हवेत मोठे पांढरे गोल तरंगताना दिसतात. फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असल्यामुळे समोरच उडणाऱ्या धुळीच्या कणावर त्याचा उजेड पडतो आणि फोकसबाहेर असल्यानं तो कण फुगून थाळीएवढा होतो. पावसाच्या थेंबाचंही तेच. गावात हे फोटो ‘काहीतरी दिसलं’ म्हणून फिरतात. फ्लॅश बंद करून दुसरा काढा, भूत गेलं.

पोळ्याच्या तोरणाखालून बैल निघतात तेव्हा बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतची ढिलाई नडते. बैल समोर आल्यावर दाबलं तर शेपूट मिळते. तोरणाच्या खांबावर आधीच बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवा आणि शिंगं खांबाच्या रेषेत आली की उरलेलं अर्धं दाबा. तान्ह्या पोळ्याला तर कॅमेरा पोरांच्या लाकडी बैलाच्या उंचीला आणा, म्हणजे जमिनीपासून हातभर. उभं राहून काढले की सगळ्यांच्या टोप्याच येतात.

व्हिडिओ ७२० चा, सेकंदाला २५ चौकटी. मोबाईल वापरा.

कार्ड साधं एसडी चालतं, १६ जीबी पुरे, त्यावर पूर्ण आकाराचे दीड हजारांच्या वर फोटो बसतात. मायक्रो एसडी ॲडॉप्टरमध्ये घालून वापरणारे पुष्कळ. त्या ॲडॉप्टरच्या कडेची लॉकची खिट्टी ढिली असते, आत सारताना खाली सरकते आणि स्क्रीनवर ‘कार्ड लॉक’ येतं. खिट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला की प्रश्न मिटतो. पूर्ण २० मेगापिक्सेलचा मोहही सोडा. ४ बाय ६ च्या छापील फोटोला १८०० बाय १२०० ठिपके पुरतात, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाही. मेनूत फोटोचा आकार ‘एम १’ (मधला) वर ठेवा, फाईल हलकी होते आणि छापात काडीचा फरक पडत नाही.

छापायला टाकताना मात्र एक नुकसान हमखास होतं. कॅमेऱ्याची चौकट ४:३ ची आणि तालुक्याच्या लॅबचा कागद ६ बाय ४ चा, म्हणजे ३:२. सहा इंच रुंदी भरली की चित्राची उंची साडेचार इंच होते आणि अर्धा इंच कापला जातो, पाव वरून, पाव खालून. नवरदेवाचा तुरा आणि पायातले जोडे नेमके त्या पावात असतात. काढतानाच वर-खाली बोटभर मोकळी जागा सोडा. फोटो मोबाईलवर घ्यायला ओटीजीचा कार्ड रीडर लागतो आणि पुढे पाठवताना व्हॉट्सॲपमध्ये ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ॲप चित्र पिळून काढतं.

बॅटरी एनबी-११एलएच. कंपनीचा आकडा एका चार्जला २१० फोटो, पण फ्लॅश सारखा वापरला तर दीडशेच्या आत गुंडाळते. चार्जर वेगळा, थेट भिंतीच्या सॉकेटात बसणारा, दोनेक तास घेतो. तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे पंख्याची पाती मोजता येतील इतका दाब उतरला तरी तो चार्ज करतोच. लाईनच गेली तर मात्र गोची, कारण कॅमेऱ्यात यूएसबीनं बॅटरी चार्ज होत नाही, पॉवर बँक असून नसल्यासारखी. याच बॅटरीचा यूएसबीवर चालणारा खाचेचा चार्जर बाहेर मिळतो, तो घेऊन ठेवा. दुसरी बॅटरी लागणारच. नक्कल घेतली तर दर महिन्याला टेबलावर सपाट ठेवून बघायची. डुगडुगली किंवा कॅमेऱ्यातून निघताना अडकली तर ती फुगते आहे, तिथेच तिचा वापर बंद करायचा.

तारखेचा घोळही बॅटरीतूनच होतो. फोटोवर तारीख छापायची सोय मेनूत आहे आणि पंचनाम्याची सवय असलेले ती चालू ठेवतात. आतली घड्याळाची बारकी बॅटरी मुख्य बॅटरी काढल्यावर साधारण ३ आठवडेच घड्याळ चालवते. महिनाभर बॅटरी बाहेर ठेवली की घड्याळ पुसलं जातं, पुढच्या वेळी कोणीतरी घाईत विचारलेली तारीख तशीच ‘ओके’ करतो आणि मग सगळ्या फोटोंवर भलतंच साल. छापलेली तारीख नंतर पुसता येत नाही.

उन्हाळा ही खरी परीक्षा. कॅमेरा ० ते ४० अंशांत वापरावा असं पुस्तिकेत लिहिलं आहे आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना ४५ च्या वर जातो. सावलीत, हातात असला तर चालतो. दुचाकीच्या डिक्कीत किंवा गाडीच्या काचेमागे ठेवला तर बॅटरी लवकर मरते. ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून थंड ठेवायची युक्ती करू नका. आणि कूलरसमोरच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. दिवसरात्र दमट वारा लागून भिंगाच्या आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात, ते बाहेरून पुसून जात नाहीत. झाकणाचा स्टीलचा डबा, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, पावसाळ्यात पुड्या महिन्याला उन्हात वाळवायच्या. तांदळात ठेवायचा सल्ला ऐकू नका, कोंडा आत जातो.

धुळीनं या कॅमेऱ्याचा घात कसा होतो ते सांगतो. भिंग तीन नळ्या एकात एक अशा बाहेर येतं. तुरीची मळणी चालू असताना भिंग बाहेर काढलं की भुसा नळ्यांच्या फटीत बसतो, आत जाताना नळी अडते आणि ‘लेन्स एरर’ येतो. जिनिंगमध्ये कापसाचा तंतू तेच करतो. असं झालं तर नळी हातानं दाबू नका, आतले प्लास्टिकचे दाते मोडतात आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला जातो. बॅटरी काढा, भिंग जमिनीकडे करून फटींवर रबरी फुग्यानं हवा मारा, पूर्ण चार्ज बॅटरी घालून तसंच उलटं धरून चालू करा. कण वरवरचा असेल तर दोन-तीन वेळात सुटतं. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे तुषार काचेवर बसतात. काच दुपट्ट्यानं पुसणं तर बंदच, त्यातली माती काचेवर ओरखडे काढते. चष्म्याचं कापड, तेही आधी फुगा मारून.

आता बहुतेक सौदे जुन्या कॅमेऱ्याचेच होतात. शहरातल्या पोरांना सीसीडीच्या रंगाचं वेड लागल्यापासून भाव चढले आहेत, म्हणून घाई नको. ऑनलाइन ‘४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम’ म्हणून नवी खेळणी मिळतात. चालू केल्यावर त्यांचं भिंग बाहेर येत नसेल आणि झूम केल्यावर समोर काहीच हलत नसेल, तर तो झूम खोटा समजा. इक्सस १८५ हातात घेतल्यावर झूम सलग दहा वेळा पुढे-मागे करा, करकर आवाज आला तर परत द्या. भिंगावरची झाकणाची पाती पूर्ण मिटतात का बघा. पूर्ण झूम करून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यात काळसर ठिपके शोधा, ते असले तर धूळ सेन्सरपर्यंत पोचली आहे. मोबाईलचा टॉर्च भिंगावर तिरपा मारून बुरशी बघा. फ्लॅश लागोपाठ पाच वेळा उडवा. बॅटरीच्या झाकणाची कडी मोडली असेल तर रबर बँड लावून चालतं, त्याचे पैसे कमी करून घ्या. चार्जर नसेल तर त्याचे वेगळे कमी करा. आणि कार्ड स्वतःचं घेऊन जा, विकणाऱ्याच्या कार्डातले फोटो त्याच कॅमेऱ्याचे असतीलच असं नाही.